फोनमध्ये अडकलेला जीव: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर वाचण्याआधी एक ठरवा: तुमचा जीव नेमका कशात अडकलाय? हातातल्या यंत्रात, आतल्या आवाज-फोटोंत, की घडीघडी स्क्रीन बघायच्या सवयीत? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बहुतेकांची फसगत होते ती तिन्ही एकच समजल्यामुळे.

१. फोन घरी राहिला की दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. हा आजार आहे का?

नाही. फोनविना वाटणाऱ्या घालमेलीला ‘नोमोफोबिया’ म्हणतात. हे नाव २००८ च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका पाहणीतून पुढे आलं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते नाही. त्या यादीत गेमिंगचा विकार आहे, नुसत्या फोनचा नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत २० प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. ती अभ्यासकांच्या कामाची आहे, तिच्यावरून घरच्या घरी कुणाला रोगी ठरवू नका.

त्यापेक्षा पुढच्या वेळी फोन विसराल तेव्हा काय काय अडलं ते कागदावर लिहा. ‘पैसे देता आले नाहीत’, ‘बाजारभाव कळला नाही’, ‘पोरगी शाळेतून आली का ते समजलं नाही’ ही खरी अडचण. ‘काही अडलं नाही, पण हात खिशाकडे जात होता’ ही सवय. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी जास्त निघाल्या तर प्रश्न ५ पाहा.

२. काही आलेलं नसतं हे माहीत असूनही फोन उघडून बघावासा का वाटतो?

दर वेळी काही मिळत नाही, म्हणूनच. कधी भाच्याचा फोटो येतो, कधी नुसतंच ‘शुभ सकाळ’, कधी काहीच नाही. अवेळी आणि बेभरवशाने मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून दिलं. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर मटक्याचं व्यसन एवढं लागलं नसतं. लाल ठिपका आणि खाली ओढून ‘रिफ्रेश’ करण्याची सोय याच स्वभावाला हात घालतात.

३. खिशात फोन थरथरल्याचा भास होतो. बघावं तर काहीच नसतं. काही बिघडलंय का?

फोनही ठीक आहे आणि तुम्हीही. मेंदू थरथरीची वाट बघत असला की कापडाचं घासणं किंवा मांडीच्या स्नायूचं फुरफुरणं त्याला फोनसारखं वाटतं. दोन आठवडे खिसा बदला आणि व्हायब्रेशन फक्त कॉलपुरतं ठेवा. बहुतेकांचा भास कमी होतो.

४. रात्री फोन लांब ठेवा म्हणतात, पण आमची शेताची वीज रात्रीची. मोटर फोनवरच चालू होते. मग काय करायचं?

मग लांब ठेवू नका. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मोबाईल स्टार्टरवर (आत सिम असलेलं, फोनवरून पंप चालू-बंद करणारं यंत्र) मोटर चालवणाऱ्याला आणि रात्री बॅटरीच्या उजेडात बांधावरून जाणाऱ्याला ‘झोपताना फोन दुसऱ्या खोलीत’ हा शहरी सल्ला उपयोगाचा नाही. फोन उशाशी राहू द्या, फक्त बाकीच्यांची तोंडं बंद करा:

सेटिंग्ज → डू नॉट डिस्टर्ब → पीपल → कॉल्स → ‘स्टार्ड कॉन्टॅक्ट्स’. स्टार्टरमधल्या सिमचा नंबर, घरचे आणि शेजारचा शेतकरी एवढ्यांनाच चांदणी द्या. स्टार्टर कॉलऐवजी एसएमएस पाठवत असेल तर ‘मेसेजेस’मध्येही हेच करा. चुकतं ते इथेच: कॉलला सूट दिलेली असते, मेसेजला नसते, आणि ‘फेज गेला’ हा मेसेज सकाळी दिसतो. ‘रिपीट कॉलर्स’ही चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो, आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे.

आता रात्री दोनला मोटर लावायला उठल्यावर तिथेच पंचेचाळीस मिनिटं रील्स बघितल्या, तर तो दोष मोटरचा नाही.

५. फोन कमी करायचाय, पण निश्चय दोन दिवसांत मोडतो. नेमकं काय करू?

निश्चय करू नका, सेटिंग बदला. एका वेळी एकच बदल करा आणि तो आठवडाभर टिकू द्या.

पहिला आठवडा नोटिफिकेशनचा. माणसाने पाठवलेलं येऊ द्या, ॲपने स्वतःहून पाठवलेलं (सेल, ‘तुमच्यासाठी व्हिडिओ’, गेम) बंद करा. सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स → ॲप नोटिफिकेशन्स इथे ‘सर्वाधिक’ असा क्रम लावला की कोण बोंबलतंय ते लगेच दिसतं.

दुसरा आठवडा जागेचा. सर्वांत जास्त खेचणारं ॲप पहिल्या पानावरून काढा. ते शोधून, नाव टाईप करून उघडावं लागलं की निम्म्या वेळा हात आपोआप मागे येतो.

तिसरा आठवडा वेळेचा. ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ॲप टायमर लावा. आत्ता रोज तीन तास जात असतील तर टायमर अडीच तासांचा लावा, वीस मिनिटांचा नको. फार कडक लावलेला टायमर पहिल्याच संध्याकाळी काढून टाकला जातो, आणि मग तो पुन्हा कुणी लावत नाही.

स्क्रीन काळीपांढरी करण्याची सोयही याच जागी ‘बेडटाइम मोड’मध्ये मिळते. काहींना ती फार लागू पडते. केळीवरचा करपा किंवा कपाशीवरची कीड फोटोवरून ओळखायची असते त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

६. अभ्यासिकेत फोन पालथा ठेवतो. तेवढं पुरे का?

भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एका प्रयोगात फोन टेबलावर पालथा आणि आवाज बंद करून ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांचं लक्ष चांगलं राहिलं होतं. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा निकाल दर वेळी जुळले नाहीत, त्यामुळे याला वेदवाक्य मानू नका. पण फोन दप्तरात, दप्तर दाराजवळ आणि तासाला एकदा उठून पाहायचं, यात नुकसान काहीच नाही. नोट्सची पीडीएफ फोनवरच असेल तर ती छापून घ्या. झेरॉक्सचे पैसे वसूल होतात.

७. तीन वर्षांचा मुलगा फोन काढला की डोकं आपटतो. काय करावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं.

आकांत होतो तो बहुधा मध्येच हिसकावल्याने. ऑटोप्ले बंद करा, म्हणजे व्हिडिओला शेवट येईल. ‘हे गाणं संपलं की फोन मायकडे’ असं आधी सांगा आणि संपल्यावर फोन त्याला स्वतःच्या हाताने द्यायला लावा. त्याच क्षणी दुसरं काही हातात पाहिजे: कणकेचा गोळा, पाण्याचा तांब्या, काहीही. पहिले चार-पाच दिवस रडणं वाढतं. त्या दिवसांत एकदा जरी रडून फोन मिळाला, तर मुलगा तेच शिकतो. कारण प्रश्न २ मध्ये आहे. घरात आजी-आजोबा असतील तर नियम आधी त्यांच्याशी ठरवा, नाहीतर तो ओसरीवर मोडतो.

८. डॉक्टरांकडे केव्हा जावं?

तास मोजू नका, काय सुटलं ते बघा. झोप, जेवण, शाळा किंवा कामधंदा सतत कोलमडतोय. फोन काढल्यावर मारहाण किंवा जीव देण्याची भाषा होते. ऑनलाइन जुगारात पैसे जातायत आणि लपवले जातायत. असं दिसलं तर थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून जा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून खास या त्रासासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक आहे, पण पहिल्या पायरीला एवढ्या लांब जायची गरज नसते.

९. बाबा जुना फोन सोडत नाहीत. नवा आणून दिला, तो डब्यातच आहे.

बाबांना फोन नकोय असं नाही, त्यांना जागा हरवायला नकोय. हिरवं बटण कुठे, सुरतच्या मुलाचा नंबर कितवा, हे बोटांना पाठ आहे. नव्या फोनवर तीच चित्रं त्याच क्रमाने लावा, अक्षर मोठं करा, रिंगटोन जुनीच ठेवा. आठ-दहा दिवस दोन्ही फोन जवळ राहू द्या: सिम नव्यात, जुना नुसताच सोबत. सिम काढण्याआधी जुन्या फोनमधले नंबर गुगल खात्यात गेलेत का ते बघा. ‘सिमवर सेव्ह’ आणि ‘फोनवर सेव्ह’ असे विखुरलेले नंबर मागे राहतात, आणि ‘नवा फोन खराब आहे’ हे बाबांचं मत तिथेच पक्कं होतं.

१०. मनी मायना आवाज फोनमा शे. तो कसा ठेवू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आई व्हॉट्सॲपवर बोलून पाठवत असेल, तर त्या व्हॉइस नोट्स तुमच्या फोनमध्ये वेगळ्या फाइल म्हणून पडलेल्या असतात. अँड्रॉइडवर ‘फाइल्स’ ॲप उघडा: इंटर्नल स्टोरेज → अँड्रॉइड → मीडिया → कॉम डॉट व्हॉट्सॲप → व्हॉट्सॲप → मीडिया → व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांचे फोल्डर दिसतील. सगळेच्या सगळे कॉपी करा, निवडत बसू नका. फाइलच्या नावात माणसाचं नाव नसतं.

कुणाचा आवाज कोणता हे कळायला हवं असेल तर आईची चॅट उघडा → तीन ठिपके → मोअर → एक्स्पोर्ट चॅट → इन्क्लूड मीडिया. मीडियासह सुमारे १०,००० ताजे मेसेजच बाहेर येतात, जुने मागे राहतात. म्हणून दोन्ही वाटा वापरा. चॅटवर ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ती आधी बंद करा.

कॉल रेकॉर्डिंग फोनच्या कंपनीप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये असतं. गुगलच्या ‘फोन’ ॲपने केलेलं रेकॉर्डिंग फोल्डरमध्ये सापडत नसेल तर कॉल हिस्टरीत त्या कॉलवर जाऊन एकेक शेअर करून काढा.

मग तीन प्रती: एक फोनमध्ये, एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, एक हार्ड डिस्कवर भावाच्या किंवा बहिणीच्या घरी. पेन ड्राइव्ह चालेल, पण कपाटात वर्षानुवर्षं पडलेला पेन ड्राइव्ह दगा देतो; वर्षातून एकदा लावून बघा. कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या फोनवर चार-पाच फाइल वाजवून पाहा. व्हॉइस नोटची ‘ऑपस’ प्रकारची फाइल काही जुन्या प्लेअरवर वाजत नाही, व्हीएलसी ॲपवर वाजते.

आईचं गुगल खातं असेल तर आणखी एक: दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर गुगल ते खातं फोटोंसकट काढून टाकू शकतं. अधूनमधून तिच्या फोनवर ते उघडत जा. आई असतानाच तिच्या संमतीने ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ (खातं ठरलेली मुदत वापरात नसलं की त्यातलं ठरवलेल्या माणसांना मिळण्याची सोय) लावता येतो: ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवायची आणि जास्तीत जास्त १० जणांची नावं द्यायची. आयफोनवर याच कामाला ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे, त्यात ५ नावं बसतात.

११. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आजीची झोक्यावरची गाणी रेकॉर्ड करायचीयत. फोनवर नीट येतील का?

येतील. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधे आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडतो. पंखा बंद. फोन आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, खाली दुमडलेलं फडकं. झोक्याच्या कड्या कुरकुरतात, त्यामुळे एकदा झोक्यावर आणि एकदा ओट्यावर बसून, असं दोनदा घ्या. झोक्यावरचं ऐकायला गोड आणि ओट्यावरच्यात शब्द कळतात. सुरुवातीला आजीचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. अहिराणी बोली दर दहा-वीस कोसांवर बदलते. गाव माहीत नसेल तर पुढे गाण्याचा अर्धा संदर्भ जातो. एका मागून एक चार गाणी एकाच फाइलमध्ये नकोत, एका गाण्याला एक फाइल. भाऊबंदांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि पुढे तीच खराब प्रत घरोघर राहते. कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या) गाण्यांनाही हेच. जागरणाला मात्र फोन वाद्यांपासून लांब, गाणाऱ्या बायांच्या बाजूला ठेवा.

१२. वडील गेले. त्यांचा नंबर चालू ठेवता येतो का?

येतो, पण त्यांच्या नावावर ठेवू नका. मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन कंपनीच्या दालनात जा आणि नंबर आपल्या नावावर करून घ्या. तोवर रिचार्ज तुटू देऊ नका. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

बँक, पीएम-किसान, आधार, गॅस यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून निदान वारसाची कामं होईपर्यंत सिम जिवंत हवं. त्यांच्या फोनवरून यूपीआयने पैसे मात्र काढू नका. पिन माहीत असला तरी तो हक्क नव्हे. बँकेला कळवून नॉमिनीचा किंवा वारसाचा अर्ज हाच रस्ता. भाऊबंदकीत पहिला संशय याच व्यवहारावर येतो.

१३. मी अजून त्यांच्या नंबरवर मेसेज टाकते. यात काही वावगं आहे का? कुणी उत्तर दिलं तर?

वावगं काही नाही. गेलेल्या माणसाशी बोलणं फोनच्या आधीही होतंच.

पण व्यवहार समजून ठेवा. व्हॉट्सॲप खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं. त्यांच्या फोनमधल्या चॅट मात्र ॲप काढेपर्यंत तिथेच राहतात, म्हणून ‘जागा मोकळी करू’ म्हणून त्यांच्या फोनमधून व्हॉट्सॲप काढू नका. नंबर दुसऱ्याला गेला (प्रश्न १२) आणि त्याने व्हॉट्सॲप सुरू केलं, तर एके दिवशी त्याच चॅटमध्ये अनोळखी माणसाचा फोटो दिसतो आणि तुमच्या मेसेजला ‘कोण?’ असं उत्तर येतं. तो धक्का फार जिव्हारी लागतो. टाळायचा असेल तर नंबर आपल्या नावावर घ्या. नाहीतर चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा (प्रश्न १०) आणि पुढचं बोलणं स्वतःलाच मेसेज करण्याच्या चॅटमध्ये लिहा.

१४. बंद पडलेला फोन आठवण म्हणून कपाटात ठेवलाय. चालेल ना?

चालेल, पण आत बॅटरी आहे हे विसरू नका. आधी आतलं सगळं बाहेर काढा, मग बॅटरी अंदाजे ५० टक्के ठेवून फोन बंद करा आणि दर सहा महिन्यांनी तेवढीच पुन्हा भरा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी ठेवली तर ती लवकर मरते. भुसावळ-जळगावच्या वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. ॲपल आपले फोन ठेवण्यासाठी ४५ अंशांचीच कमाल मर्यादा सांगते. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरातली खालची खोली सर्वांत बरी.

मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन एका बाजूने वर आलीय, फोन टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. बॅटरीविना फोन हवी तेवढी वर्षं ठेवा.

१५. एक्स्चेंजमध्ये द्यायचा, पण देववत नाही.

देऊ नका, जर फरक हजार-दोन हजारांचा असेल. द्यायचाच असेल तर घाईत दुकानाच्या काउंटरवर रिसेट करू नका. निदान आठवडाभर आधी नव्या फोनवर सगळं आणा, तपासा (तीन प्रतींचा नियम प्रश्न १० मध्ये), मग खात्यांतून साइन आउट करून रिसेट करा. नेहमी होणारी चूक गुगल फोटोजमध्ये होते: तिथे ‘डिलीट’ दाबलं तर फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ दाबा. चुकून उडालं तर ट्रॅशमध्ये बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो.

१६. फोन चोरीला गेला. फोनचं काही नाही, पण मुलीचे पहिले फोटो त्यात होते.

आधी दुसऱ्या फोनवर तुमच्या गुगल खात्याने फोटोज उघडून बघा. अनेकांचा बॅकअप नकळत चालू असतो. मग गुगलच्या ‘फाइंड हब’वरून (हरवलेला फोन शोधायची सोय) फोन लॉक करा, लगेच ‘इरेज’ करू नका. इरेज झालेला फोन नकाशावर दिसत नाही. पोलिसांत तक्रार करा, दुसरं सिम घ्या आणि सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) टाकून फोन ब्लॉक करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका. आयएमईआय बिलावर आणि खोक्यावर असतो. फोन हातात असेल तर *#०६# डायल करून आजच लिहून ठेवा.

१७. भाऊ अपघातात गेला. फोनचा पॅटर्न कुणालाच माहीत नाही.

अंदाजाने पॅटर्न टाकत बसू नका. चुकांगणिक थांबण्याचा वेळ वाढतो आणि काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसलं जावं अशी सेटिंग असते. ‘डेटा न जाता लॉक खोलून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. गेल्या काही वर्षांतल्या फोनमधला डेटा लॉकशीच बांधलेला असतो. लॉक तोडला की डेटाही जातो. फोनपेक्षा बाहेर शोधा: त्याच्या लॅपटॉपवर उघडं असलेलं जीमेल, फोनमधलं मेमरी कार्ड (कुलूपबंद नसेल तर सरळ वाचता येतं), मित्रांच्या चॅटमधले त्याचे आवाज. गुगल आणि ॲपल दोघांकडेही मृत व्यक्तीच्या खात्यासाठी अर्ज करता येतो. कागद लागतात, वेळ लागतो, आणि सगळं मिळेलच असं नाही. अपघाताचा तपास चालू असेल तर फोन पोलिसांना विचारल्याशिवाय दुरुस्तीला देऊ नका.

१८. त्यांचा फोन त्यांच्यासोबत चितेवर ठेवायचा आहे.

बॅटरीसह अजिबात नाही. लिथियम बॅटरी आगीत फुटते आणि चितेजवळ माणसं उभी असतात. बंद केलेला फोनही तसाच धोक्याचा. शिवाय पंधरवड्यात त्याच फोनवरचे ओटीपी लागणार असतात (प्रश्न १२). फारच इच्छा असेल तर फोनचं कापडी कव्हर ठेवा.

१९. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आईचा फोन कुणी ठेवायचा?

तिघांनी बसून तीन वाटण्या करा. आतलं सगळं तिघांकडे सारखं: एकाने घाईत निवडून पाठवण्यापेक्षा पूर्ण कॉपी तीन हार्ड डिस्कवर घ्या. नंबर त्याच्याकडे, जो बँकेची आणि सातबाऱ्याची कामं बघतो. उरलं यंत्र. ते बहुतेक घरांत ज्याला सर्वांत जास्त हवंय त्यालाच मिळतं, आणि त्यावरून फारसं भांडण होत नाही, पण कॉपी आधी झालेली असेल तरच. कॉपी व्हायच्या आत फोन कुणाच्याही बॅगेत जाऊ देऊ नका.